राज्याच्या करांना आणि खर्चाला कायद्याचा लगाम: अमेरिकेतल्या नवख्या कार्यकर्त्यासाठी वाटाड्या

अमेरिकेत राज्य सरकारच्या करांवर आणि खर्चावर कायद्याने मर्यादा घालण्याची चळवळ पन्नासएक वर्षं चालू आहे. तिचा सगळ्यात गाजलेला दिवस ६ जून १९७८. त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन १३, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सवर मर्यादा घालणारा मतपत्रिकेवरचा प्रस्ताव, जवळपास ६५ टक्के मतांनी मंजूर केलं. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी ते पुढे रेटलं होतं आणि त्यासाठी बारा लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या होत्या. त्यानंतर अशी मोहीम अनेक राज्यांत झाली. काही जिंकल्या, काही मतदानात आपटल्या, काही मतपत्रिकेपर्यंत पोचण्याआधीच कोर्टात संपल्या.

मला या मर्यादा तत्त्वतः पटतात. तरी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो: घोषणा सगळ्यांच्या सारख्याच असतात, निकाल ठरतो तो मसुद्यातल्या सूत्रावर. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा मसुद्याला दिली आहे. पोस्टर कसं रंगवायचं हे तुम्हाला कोणीही सांगेल.

आधी तुमचा स्टेटस पाहा

आपल्यापैकी बरेच जण इथे एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डावर आहेत, त्यामुळे हे आधी. मत फक्त नागरिकाला देता येतं. पिटिशनवर, म्हणजे प्रस्ताव मतपत्रिकेवर आणण्याच्या मागणीच्या अर्जावर, सही करायलाही बहुतेक राज्यांत नोंदणीकृत मतदार असावं लागतं. कोणी क्लिपबोर्ड पुढे करून ‘फक्त सही करा, नोंदणी इथेच करून टाकू’ म्हणालं आणि तुम्ही नागरिक नसाल, तर हसून नाही म्हणा. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं म्हणजे नागरिकत्वाची खोटी बतावणी ठरू शकते, आणि त्याची शिक्षा दंडावर थांबत नाही, देशाबाहेर जावं लागू शकतं. ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे फारसं उपयोगी पडत नाही.

देणगीचंही तसंच. उमेदवारांच्या निवडणुकीत परदेशी नागरिकाने पैसे देण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे, ग्रीन कार्डधारकाला त्यातून सूट आहे. मतपत्रिकेवरच्या प्रश्नांसाठी मात्र प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, आणि काही राज्यांनी इथेही परदेशी पैशाला बंदी घातली आहे. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. सभेला जाणं, वाचणं, अंदाजपत्रकाचे आकडे काढून देणं यात अडचण नाही. आणि खरं सांगायचं तर एक्सेलमध्ये हात बसलेला माणूस अशा मोहिमांना क्लिपबोर्डवाल्यापेक्षा जास्त हवा असतो.

तुमच्या राज्यात आधीच काय आहे

नवखा कार्यकर्ता बहुतेक वेळा असं धरून चालतो की आपल्या राज्यात मर्यादाच नाही. अर्ध्याहून जास्त राज्यांत कसली ना कसली मर्यादा आहेच. राज्यघटनेतला कर आणि महसुलाचा भाग काढून शांतपणे वाचा. एक संध्याकाळ जाते, पण पुढचे सहा महिने वाचतात.

टेक्ससमध्ये १९७८ पासून घटनेत आहे की विशिष्ट कामासाठी राखून न ठेवलेल्या करमहसुलातला खर्च राज्याच्या अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने वाढता कामा नये. न्यू जर्सीत नगरपालिका, काउंटी आणि शाळा यांच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या एकूण वसुलीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा २०१० च्या कायद्याने आली, पण आरोग्य विमा, पेन्शन, कर्जफेड आणि आणीबाणी यांना तिच्यात सवलती आहेत. न्यू यॉर्कने २०११ मध्ये २ टक्के किंवा महागाई यांपैकी जे कमी ते, अशी मर्यादा घेतली. मिशिगनच्या १९७८ च्या हेडली दुरुस्तीने राज्याचा महसूल लोकांच्या एकूण वैयक्तिक उत्पन्नाच्या ९.४९ टक्क्यांवर बांधला. ऐकायला जबरदस्त वाटतं. प्रत्यक्षात राज्याचा महसूल कित्येक वर्षं या रेषेच्या बराच खाली राहिला, त्यामुळे राज्याच्या पातळीवर ती कोणाला बोचत नाही. त्याच दुरुस्तीतला स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सचा दर आपोआप खाली आणणारा भाग मात्र गावोगाव जाणवतो.

तेव्हा शोधायचं ते हे: मर्यादा आहे का, ती कशावर आहे, आणि गेल्या दहा वर्षांत तिने एकदा तरी कोणाचा हात अडवला का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राज्याच्या ऑडिटरच्या किंवा विधिमंडळाच्या अर्थविषयक कार्यालयाच्या अहवालात सापडतं. नाही सापडलं तर त्या कार्यालयाला ईमेल करा. ही माणसं उत्तर देतात, आणि दोन्ही बाजूंना देतात.

कोणत्या दाराने जायचं

नागरिकांनी सह्या गोळा करून थेट मतपत्रिकेवर प्रश्न आणायचा, याला इनिशिएटिव्ह म्हणतात. ही सोय सुमारे निम्म्याच राज्यांत आहे. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, ओरेगन, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, ॲरिझोना, फ्लोरिडा इथे ती मिळते. टेक्सस, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, व्हर्जिनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया इथे राज्यपातळीवर ती नाही. इलिनॉयमध्ये नावापुरती आहे, करांच्या कामाची नाही.

इनिशिएटिव्ह नसेल तर आमदारांशिवाय गत्यंतर नाही. टेक्ससमध्ये घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि मग ती लोकांपुढे जाते. न्यू जर्सीत एका वर्षी तीन पंचमांश किंवा लागोपाठ दोन वर्षं साधं बहुमत. डेलावेअर सोडून सगळ्या राज्यांत घटनादुरुस्तीवर शेवटचा शब्द मतदारांचा असतो. या वाटेने काम झाल्याची उदाहरणं आहेत: २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने आयकराची घटनेतली कमाल मर्यादा १० वरून ७ टक्क्यांवर आणली, आणि त्याच वर्षी फ्लोरिडाने राज्याचे कर वाढवायला विधिमंडळात दोन तृतीयांश मतांची अट घातली. दोन्ही प्रस्ताव विधिमंडळातूनच आले होते.

या वाटेवर आपल्या आमदाराला भेटायचं तर अधिवेशन सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी, त्याच्या मतदारसंघातल्या कार्यालयात. अधिवेशन सुरू झाल्यावर त्याला मान वर करायला फुरसत नसते. सोबत एक पानाचा कागद न्या, त्यावर तुमच्या प्रस्तावाची भाषा आणि गेल्या दहा वर्षांचा खर्च. आणि त्याच्या स्टाफमधल्या माणसाचं नाव लिहून घ्या, कारण पुढचा सगळा व्यवहार त्याच्याशीच होणार आहे.

आता कायदा की घटना? साधा कायदा करून घेणं सोपं, पण विधिमंडळ तो पुढच्या अधिवेशनात बदलू शकतं. घटनेत घालणं अवघड, आणि घटनेत चूक राहिली तर ती दुरुस्त करणंही तेवढंच अवघड. गावांच्या प्रॉपर्टी टॅक्सवर मर्यादा घालणारं मॅसॅच्युसेट्सचं १९८० चं ‘प्रॉपोझिशन अडीच’ साधा कायदा असूनही टिकलं, कारण त्यात गावाला स्वतःच्या मतदानाने मर्यादा ओलांडायची मुभा ठेवली आहे. गावाला जास्त शाळा हव्या असतील तर गाव मत देतं आणि पैसे भरतं, मूळ कायदा मोडायची कोणाला गरज पडत नाही. माझ्या मते नवख्यांनी सर्वात आधी अभ्यासावा असा हाच कायदा आहे. प्रॉपोझिशन १३ त्यानंतर, वाटल्यास.

मसुदा: इथेच घोडं पेंड खातं

मर्यादेचे ढोबळ प्रकार असे. दरावर कमाल आकडा. एकूण वसुलीच्या वाढीवर टक्का. कर वाढवायला विधिमंडळात दोन तृतीयांश किंवा तीन चतुर्थांश मतं; ओक्लाहोमात १९९२ पासून तीन चतुर्थांश नाहीतर थेट मतदारांची संमती लागते. खर्चाच्या वाढीला महागाई आणि लोकसंख्येची जोड. आणि सर्वात कडक म्हणजे कोणताही कर वाढवायचा तर आधी लोकांना विचारा. शेवटचे दोन एकत्र आले ते कोलोरॅडोच्या १९९२ च्या ‘टॅबोर’मध्ये, म्हणजे करदात्यांच्या हक्कांच्या सनदेत. डग्लस ब्रूस यांनी लिहिलेली ही दुरुस्ती तिसऱ्या खेपेला मंजूर झाली. १९८८ आणि १९९० मध्ये लोकांनी तसे प्रस्ताव नाकारले होते.

टॅबोरचं सूत्र सोप्या शब्दांत: यंदा राज्य जेवढा महसूल ठेवू शकतं, तो गेल्या वर्षापेक्षा महागाई अधिक लोकसंख्यावाढ एवढाच जास्त. त्यावर आलेला पैसा लोकांना परत, नाहीतर ठेवून घ्यायला त्यांची परवानगी. २०२२ मध्ये कोलोरॅडोत एकट्याने रिटर्न भरणाऱ्याला ७५० आणि जोडप्याला १,५०० डॉलरचे चेक आले ते यामुळेच.

आता ‘गेल्या वर्षापेक्षा’ या शब्दांवर थांबा. समजा महसूल १०० होता. मंदी आली, ८८ वर घसरला. पुढच्या वर्षी महागाई आणि लोकसंख्या मिळून ४ टक्के. मग राज्याला ठेवता येतात ८८ वर ४ टक्के, म्हणजे ९१.५२. अर्थव्यवस्था सावरून महसूल ९७ झाला, तरी साडेपाचच्या आसपास परत करायचे, आणि तेही मंदीच्या आधीच्या पातळीला पोचण्यापूर्वीच. प्रत्येक मंदी पाया कायमचा खाली ओढते. कोलोरॅडोत २००१ नंतरच्या मंदीत नेमकं हेच झालं. त्यात २००० च्या २३व्या दुरुस्तीने शाळांचा खर्च दरवर्षी महागाईपेक्षा जास्त वाढवणं बंधनकारक केलं होतं. एकीकडे छत खाली येतंय, दुसरीकडे जमीन वर येतेय, अशी गत. शेवटी २००५ मध्ये लोकांनी रेफरंडम सी मंजूर करून पाच वर्षं परताव्याला विराम दिला आणि पाया घसरण्याची ती तरतूद काढून टाकली. तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर बिल ओवेन्स यांनी या बदलाचा प्रचार केला, हे लक्षात ठेवा. विरोधक तुम्हाला हे नक्की ऐकवतील.

उपाय मसुद्यातच असतो. ‘गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष महसूल’ याऐवजी ‘गेल्या वर्षीची परवानगीची मर्यादा’ हा पाया धरा. वरच्या उदाहरणात मर्यादा १०० वरून १०४, मग १०८.१६ होते, आणि सावरलेले ९७ राज्याकडे राहतात. एका शब्दसमूहाचा फरक, आणि विरोधकांचा सर्वात धारदार मुद्दा बोथट होतो.

दुसरी मेख आहे ‘कर’ म्हणजे काय यात. करावर मर्यादा आली की सरकार फी लावतं. कोलोरॅडोच्या टॅबोरमध्ये ‘एंटरप्राइझ’ नावाची सवलत आहे: सरकारी मालकीचा जो व्यवसाय १० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न राज्य आणि स्थानिक अनुदानातून घेतो, तो मर्यादेच्या बाहेर. मग एकेक खातं एंटरप्राइझ होत गेलं. २०१७ मध्ये हॉस्पिटलांकडून घेतली जाणारी फी अशी बाहेर काढल्यावर मर्यादेखाली बरीच जागा मोकळी झाली. ही पळवाट बुजवायला २०२० मध्ये वेगळा प्रस्ताव आणावा लागला, की पहिल्या पाच वर्षांत दहा कोटी डॉलरहून जास्त गोळा करणाऱ्या नव्या एंटरप्राइझला मतदारांची मंजुरी हवी. म्हणजे मूळ मसुद्यातलं एक वाक्य निस्तरायला २८ वर्षं गेली.

तिसरी मेख प्रॉपोझिशन १३ ची. प्रॉपर्टी टॅक्स मूल्याच्या १ टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत मूल्यांकन वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार. जुन्या मालकाला दिलासा, नव्याच्या गळ्यात बोजा. स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये १,७०,००० डॉलरला घर घेतलं आणि १,७०० डॉलर टॅक्स आला. तसल्याच घरात १९७५ पासून राहणाऱ्या काही शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९९२ मध्ये हरल्या. कायदेशीर आहे, पण न्याय्य आहे का, हा प्रश्न तुम्हाला सभेत कोणीतरी तरुण घरमालक विचारणारच. आणि नव्याने घर घेणाऱ्यांत आपली माणसं पुष्कळ.

शिवाय हे ठरवा: केंद्राकडून येणारा पैसा मोजायचा का? कर्जफेड? आणीबाणी कोण जाहीर करणार आणि किती दिवसांसाठी? राज्याने काटकसर करून खर्च गावांवर ढकलला तर? हेडली आणि मिझुरीची १९८० ची हॅनकॉक दुरुस्ती यांनी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे: पैसे न देता गावांवर नवी कामं लादायची नाहीत. ही तरतूद उचला. नगरपालिकेतली माणसं त्यामुळे तुमच्या विरोधात जायच्या आधी दोनदा विचार करतात.

मसुदा वकिलाकडूनच करून घ्या, त्या राज्यातल्या निवडणूक कायद्याच्या वकिलाकडून. ओळखीच्या इमिग्रेशन वकिलाकडून नको, कितीही जवळचा असला तरी.

शीर्षक आणि दाखल करणं

मसुदा दाखल केल्यावर त्याला अधिकृत शीर्षक मिळतं, आणि मतदार वाचतो ते शीर्षकच. कॅलिफोर्नियात ते ॲटर्नी जनरल देतात, २,००० डॉलर फी असते आणि लोकांनी सूचना करायला ३० दिवस असतात. सोबत राज्याचं आर्थिक परिणामाचं टिपण जोडलं जातं. ‘शाळा आणि आरोग्यासाठीचा निधी कोट्यवधी डॉलरनी घटेल’ अशी ओळ त्यात आली, तर तुमची निम्मी मोहीम त्या ओळीला उत्तर देण्यात जाईल. म्हणून टिपण काढणारे लोक कोणती गृहीतकं धरतात ते आधीच समजून घ्या आणि मसुद्यातली संदिग्धता काढा. संदिग्ध मसुद्यावर ते वाईटातला वाईट अंदाज धरतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

बऱ्याच राज्यांत एका प्रस्तावात एकच विषय, असा नियम आहे. कर, खर्च, आमदारांचे पगार आणि कार्यकाळाची मर्यादा एकाच पोतडीत भरू नका. कोर्ट पोतडीसकट फेकून देतं. कॅलिफोर्नियात २०२४ च्या मतपत्रिकेवर जागा पक्की झालेला करमर्यादेचा एक मोठा प्रस्ताव त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जूनमध्ये एकमताने काढून टाकला. कारण एकाहून जास्त विषय हे नव्हतं. प्रस्ताव सरकारच्या मूळ रचनेतच बदल करतो, आणि असा बदल इनिशिएटिव्हने करता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. सह्या पुरेशा होत्या, पैसा खर्च झाला होता, मतदान झालंच नाही.

समिती, पैसा, मंडळ

पैसे घ्यायच्या आधी समितीची नोंदणी करा. आधी पैसे आणि मग नोंदणी हा क्रम दंडाला आमंत्रण आहे. मतपत्रिकेवरच्या प्रश्नांसाठीच्या देणग्यांवर कमाल मर्यादा घालता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये ठरवलं. कंपन्यांनाही खर्च करता येतो, हे १९७८ पासून ठरलेलं आहे. म्हणजे समोरच्याकडे तुमच्या कितीतरी पट पैसा असू शकतो. ठरावीक रकमेच्या वर देणगीदाराचं नाव सार्वजनिक यादीत येतं, अनेक राज्यांत नोकरी कुठे आहे तेही. देणाऱ्याला हे आधी सांगा. या देणगीवर आयकरात सूटही नाही, हेसुद्धा.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात टेबल लावायचा मोह होतो. बहुतेक मंडळं ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहेत. अशा संस्थेला उमेदवाराचा प्रचार पूर्ण वर्ज्य. मतपत्रिकेवरच्या प्रश्नाचा प्रचार लॉबिंग धरला जातो, आणि तो मर्यादेत चालतो. संस्थेने आयकर खात्याचा फॉर्म ५७६८ भरला असेल तर ती मर्यादा आकड्यात ठरलेली असते, पहिल्या पाच लाख डॉलरच्या खर्चावर २० टक्के. तरीही कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्या आणि विरोधी बाजूलाही टेबल मागायची मुभा असू द्या. गणपतीच्या रांगेत कोणाच्या हातात क्लिपबोर्ड देऊ नका. माणसं दर्शनाला आलेली असतात.

सह्या

आकडा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात कायद्यासाठी गव्हर्नरच्या शेवटच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के, घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के. २०२४ साठी हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ होते, आणि मुदत १८० दिवस. कोलोरॅडोत २०१६ पासून घटनादुरुस्तीला राज्यातल्या ३५ही सिनेट मतदारसंघांतून नोंदणीकृत मतदारांच्या २ टक्के सह्या आणि मतदानात ५५ टक्के मतं लागतात. नुसत्या डेन्व्हरमध्ये फिरून भागत नाही.

लागतात त्यापेक्षा निदान एक तृतीयांश जास्त गोळा करा. कॅलिफोर्नियात काउंट्या आधी नमुना तपासतात, एकूण सह्यांच्या ३ टक्के. त्यावरून वैध सह्या गरजेच्या ११० टक्क्यांच्या वर असतील असा अंदाज निघाला की प्रस्ताव पास, ९५ च्या खाली गेला की बाद, आणि मधल्यांना एकेक सही मोजून घ्यावी लागते. यात आठवडे जातात.

सही बाद होते ती क्षुल्लक कारणांनी. घर बदललं, पण मतदार नोंदणीवर पत्ता जुनाच. घराच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स. दुसऱ्या काउंटीच्या कागदावर सही. आपल्याकडची खास अडचण नावाची: मतदार यादीत अधलं नाव वडिलांचं, लायसन्सवर नवऱ्याचं, आणि सही करताना माणूस लिहितो नुसतं ‘ए. कुलकर्णी’. यादीत जसं आहे तसंच लिहायला सांगा आणि सही मतदार नोंदणीच्या वेळी केली होती तशीच करायला सांगा, देवनागरीत केली असेल तर देवनागरीत. मॅसॅच्युसेट्समध्ये कागदावर जास्तीची खूण, रेघ किंवा शेरा दिसला तर अख्खा कागद बाद होऊ शकतो, त्यावरच्या सगळ्या सह्यांसकट. म्हणजे चुकलेल्या ओळीशेजारी बाण काढून ‘इथे पाहा’ असं लिहायचं नाही. पिटिशनचं स्टेपल काढून पानं सुटी करू नका. तळाचं शपथपत्र सही गोळा करणाऱ्यानेच भरायचं, आणि ज्या सह्या आपल्यासमोर झाल्या त्यांच्यासाठीच.

पैसे देऊन सह्या गोळा करून घेता येतात; कोलोरॅडोने घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये रद्द केली. पण धंदेवाईक टोळीवर नजर ठेवा. मोंटानात २००६ मध्ये खर्चमर्यादेचा प्रस्ताव कोर्टाने मतपत्रिकेवरून उडवला, कारण सह्या गोळा करणाऱ्यांनी लोकांना फसवून एकाच वेळी अनेक पिटिशनांवर सह्या घेतल्या होत्या आणि खोटी शपथपत्रं दिली होती. मसुदा बरा होता की वाईट, हा प्रश्न तिथे उपस्थितच झाला नाही.

विरोधकांचं ऐकून घ्या

समोर शिक्षकांच्या संघटना, अग्निशमन दल, हॉस्पिटलं असणार, आणि बरेचदा व्यापाऱ्यांची चेंबरसुद्धा. त्यांचा मुख्य मुद्दा खोटा नसतो: महागाईचा सर्वसाधारण निर्देशांक घरगुती खरेदी मोजतो, आणि सरकारचा मोठा खर्च आरोग्य, शिक्षण आणि तुरुंगावर होतो, जिथे किमती वेगळ्या गतीने वाढतात. याला ‘सरकार उधळं आहे’ हे उत्तर नाही. तुमच्या सूत्रात वैयक्तिक उत्पन्नाची वाढ वापरली असेल, आणि मतदारांना मर्यादा ओलांडायची वाट असेल, तर उत्तर तयार आहे. नसेल तर मुद्दा मान्य करून पुढे जा. मेन राज्यात २००६ आणि २००९ असा दोनदा टॅबोरसारखा प्रस्ताव हरला, तोही प्रॉपर्टी टॅक्सवर लोक चिडलेले असताना. कोलोरॅडोची हकिगत विरोधकांनी घरोघर पोचवली होती.

वाद घालताना गावातला एकच आकडा घेऊन जा: तुमच्या शाळा जिल्ह्याचा दहा वर्षांपूर्वीचा आणि आजचा खर्च, विद्यार्थिसंख्येसकट. तो जिल्ह्याच्या साइटवर असतो. आकडा तुमच्या बाजूचा निघाला नाही तर तो प्रचारात वापरू नका, पण डोक्यात ठेवा.

प्रस्ताव मंजूर झाल्यावर

वॉशिंग्टनमध्ये १९९९ मध्ये मतदारांनी गाड्यांच्या वार्षिक नोंदणीचा खर्च ३० डॉलरवर आणणारा प्रस्ताव मंजूर केला. कोर्टाने तो रद्द केला, आणि मग विधिमंडळाने ३० डॉलरची फी स्वतःहून कायद्यात घातली. त्याच राज्यात कर वाढवायला दोन तृतीयांश मतांची अट लोकांनी वारंवार मंजूर केली. २०१३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी अट साध्या कायद्याने घालता येत नाही, घटनादुरुस्ती हवी. तेव्हा खटला लढायचा पैसा निवडणुकीआधीच बाजूला काढा.

कॅलिफोर्नियाची १९७९ ची खर्चमर्यादा, पॉल गॅन यांचीच, १९८७ मध्ये एकदा खरोखर चावली आणि सुमारे १.१ अब्ज डॉलर लोकांना परत गेले. पुढच्याच वर्षी प्रॉपोझिशन ९८ ने आणि १९९० मध्ये प्रॉपोझिशन १११ ने ती सैल केली. उलटा प्रकार मॅसॅच्युसेट्सचा. तिथे १९८६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेली महसूलमर्यादा १९८७ नंतर इतकी वर्षं निपचित पडून होती की ती अस्तित्वात आहे हेही बहुतेकांच्या गावी नव्हतं. २०२२ मध्ये मर्यादा ओलांडली गेली आणि जवळपास ३ अब्ज डॉलर परत करावे लागले, प्रत्येकाला २०२१ च्या राज्य आयकराच्या सुमारे १४ टक्के. २०२३ मध्ये विधिमंडळाने वाटपाची पद्धत बदलली: यापुढे भरलेल्या कराच्या प्रमाणात न देता सर्वांना सारखी रक्कम.

म्हणून समिती बरखास्त करू नका, लहान करा. राज्याचा ऑडिटर मर्यादेचं प्रमाणपत्र कोणत्या महिन्यात देतो ते कॅलेंडरवर टाका. मॅसॅच्युसेट्सचं सप्टेंबरमध्ये येतं. अधिवेशनात तुमच्या कलमाचा क्रमांक असलेलं कोणतंही बिल आलं की ईमेल येईल अशी सोय बहुतेक विधिमंडळांच्या साइटवर असते, ती चालू करून ठेवा. आणि त्या ईमेलवर दोघांची नावं घाला, एकाची नको, कारण माणसं नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जातात.